विकार आणि वाचा

फ्रेंच नाटककार रासीनच्या नाटकांत रंगसूचना शोधाव्या लागतात. कोण आले, कोण गेले, कुणाचा चेहरा उतरला, हे सगळे तो संवादांतूनच कळू देतो. म्हणून ‘फेद्र’च्या पहिल्या अंकातली एक इवलीशी सूचना डोळ्यांत भरते: ती बसते. अथेन्सची राणी, मिनोसची मुलगी, सूर्याची नात, पहिल्यांदाच रंगमंचावर येते आणि चार पावलांत तिचे पाय गळतात. तीन दिवस पोटात अन्न नाही, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. अंगावरचे दागिने आणि ओढण्यासुद्धा तिला पेलवत नाहीत. तिची दाई एनोन तिच्यासमोर गुडघे टेकून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते: काय होतंय ते एकदा सांग तरी!

हा प्रसंग आपण घराघरांत पाहिलेला असतो. माणूस अंथरुणाला खिळलेला, नाडी बघून वैद्य थकलेले, आणि उशाशी बसलेल्या म्हातारीला मात्र कळून चुकलेले की दुखणे अंगात नाही, कुठेतरी जिभेखाली अडकले आहे. एनोन राणीला बोलते करते. बोलल्यावर बरे वाटेल, असा तिचा भाबडा समज. पुढचे चार अंक त्या समजाची शिक्षा आहेत.

या पुस्तकात ‘आंद्रोमाक’, ‘बेरेनिस’ आणि ‘फेद्र’ ही रासीनची तीन नाटके मराठीतून एकत्र येत आहेत. ती अनुक्रमे १६६७, १६७० आणि १६७७ सालची. तिन्हींचा विषय एका शब्दात सांगायचा तर प्रेम. पण हा शब्द वापरताच मराठी वाचकाच्या मनात जे उभे राहील ते या नाटकांत नाही, त्यामुळे आधी शब्दाचाच निकाल लावलेला बरा.

फ्रेंच लोक ज्याला ‘पासियों’ म्हणतात त्याला मराठी शब्द काय, यावर मी बराच काळ अडून बसलो होतो. ‘प्रेम’ सौम्य पडते. ‘वासना’ एकांगी. ‘आसक्ती’ला कीर्तनाचा वास येतो, आणि ‘उत्कटता’ तर पुस्तकांच्या मलपृष्ठांवर घासून घासून गुळगुळीत झाली आहे. शेवटी आगरकर मदतीला आले. १८८३ साली त्यांनी ‘हॅम्लेट’चे भाषांतर प्रसिद्ध केले तेव्हा त्याला नाव दिले ‘विकारविलसित’. विकार! मनात उठणारी खळबळ तोच विकार, आणि शरीराला जडणारा रोग तोही विकार. ‘हृदयविकाराने निधन’ असे आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो आणि त्यातला दुहेरी अर्थ आपल्या ध्यानातही येत नाही. रासीनला तो नक्की आवडला असता.

फ्रेंच शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या ‘सोसणे’ या क्रियापदात आहे. क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या यातनांनाही तोच शब्द लावतात. देकार्तने १६४९ साली आत्म्याच्या विकारांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या हिशेबी विकार ही आत्म्याने केलेली गोष्ट नव्हे, आत्म्यावर घडलेली गोष्ट आहे. हे समजायला मराठी माणसाला देकार्तची गरज पडू नये. आपले व्याकरणच ते सांगते. आपण राग करतो त्याहून जास्त वेळा आपल्याला राग ‘येतो’. माया ‘लागते’, वेड ‘लागते’, भीती ‘वाटते’. प्रेम ‘जडते’, रोगही जडतोच. माणूस बिचारा चतुर्थीत उभा असतो, आणि वाक्याचा कर्ता भलताच कुणीतरी असतो. रासीनच्या नायिका अशा चतुर्थीत उभ्या आहेत. त्यांना आपल्या अवस्थेचे पुरते भान आहे, आणि त्या भानाचा काडीचा उपयोग नाही.

आता थोडे नियमांविषयी. थोडेच, कारण नियमांच्या चर्चेने या नाटकांचे जितके वाटोळे केले तितके वाईट नटांनीही केले नसेल. एक स्थळ, एक दिवस, एक कथानक. रंगमंचावर मारामारी नाही, रक्त नाही. राजे आणि राण्या, पाच अंक, यमक साधणाऱ्या ओळी. शाळकरी पाठ्यपुस्तकात हे असे मांडतात की जणू कुणी मास्तराने छडी घेऊन नाटककाराला कोपऱ्यात उभे केले होते. खरी हकीगत जास्त रंगतदार आहे. १६३७च्या जानेवारीत पॅरिसच्या मारे नाट्यगृहात पिएर कोर्नेय या रुआँच्या वकिलाचे ‘ल सिद’ आले आणि शहर वेडे झाले. दोन वर्षांपूर्वीच स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीला कार्डिनल रिशलिएने त्या नाटकाची तपासणी करायला लावली. आक्षेप बरेच होते. त्यांतला मुख्य हा की एका दिवसात एवढ्या घटना घडतातच कशा, आणि बापाला मारणाऱ्याशी लग्न करायला एखादी मुलगी राजी होतेच कशी.

‘ल सिद’मध्ये रॉद्रिगच्या म्हाताऱ्या बापाला शिमेनचा बाप थोबाडीत मारतो. रॉद्रिग बापाच्या अब्रूसाठी प्रेयसीच्या बापाला द्वंद्वात ठार करतो, आणि तीच तलवार घेऊन तिच्या घरी जातो: घे, मला मार. शिमेन त्याला मारू शकत नाही, माफही करू शकत नाही. तुझ्यावर प्रेम आहे असे म्हणायला तिची जीभ रेटत नाही. ती त्याला एवढेच सांगते की तिला त्याचा द्वेष वाटत नाही. नकाराच्या आडून दिलेला हा होकार फ्रेंच साहित्यशास्त्राच्या पुस्तकांत ऊनोक्तीचे उदाहरण म्हणून दिला जातो. मला तो उदाहरण वाटत नाही. थोडे बोलून जास्त सोसण्याची जी रीत पुढे रासीनने टोकाला नेली, तिची ही पहिली खूण आहे.

कोर्नेयच्या माणसांकडे मात्र इच्छाशक्ती आहे. ती रडतात, तळमळतात आणि मग ताठ उभी राहतात. १६६० साली नाट्यकलेवर लिहिताना त्याने स्पष्टच म्हटले की शोकांतिकेच्या प्रतिष्ठेला राज्याचा एखादा मोठा प्रश्न हवा, प्रेमाने दुसऱ्या रांगेत बसावे. त्यांचा समकालीन लेखक ला ब्रुयेरने दोघांची तुलना करताना म्हटले की कोर्नेय माणसे असायला हवीत तशी रंगवतो आणि रासीन असतात तशी. तेव्हापासून गेली तीनशेहून अधिक वर्षे विद्यार्थी परीक्षेत हे वाक्य लिहीत आले आहेत. ते अर्धेच खरे आहे. रासीनची माणसे इतके नेमके बोलतात की असतात तशी माणसे ती नव्हेतच. आपण त्यांच्यासारखे सोसतो, पण त्यांच्यासारखे सांगता येत नाही. ती ही उणीव भरून काढतात.

मराठी प्रेक्षकाला शोकांतिका कळली ती शेक्सपिअरकडून. देवलांच्या ‘झुंझारराव’मधून ऑथेल्लो आला, आगरकरांकडून हॅम्लेट, शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधून लिअरची सावली. फ्रेंचांकडून आपण घेतला तो मोलिएर, आणि घेतला म्हणजे पार घरचा करून टाकला. ‘संशयकल्लोळ’ पाहताना मूळ धागा इंग्रजी नाटकावरून मोलिएरपर्यंत जातो याची आठवण कुणाला होते? रासीनशी आपला तसा घरोबा झाला नाही. त्याच्याकडे वादळ नाही, भूत नाही, विदूषक नाही, खड्डा खणणारा गडी नाही. मी स्वतः पहिल्यांदा ‘फेद्र’ इंग्रजीतून वाचले आणि तिसऱ्या अंकात सोडून दिले. काही घडतच नव्हते. नुसती बोलत होती माणसे. बोलणे हेच घडणे आहे, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

‘आंद्रोमाक’पासून पाहू. ट्रॉय जळून गेले आहे. हेक्टरची विधवा आंद्रोमाक एपिरसच्या राजाची, पिऱ्युसची, बंदिवान आहे. लहान मुलगा सोबत आहे. पिऱ्युस हा तिच्या नवऱ्याला मारणाऱ्या अकिलीसचा मुलगा, आणि तो तिच्यावर जीव टाकतो. त्याची वाग्दत्त वधू एर्मियोन त्याच्यासाठी झुरते. एर्मियोनसाठी ओरेस्त झुरतो. आणि आंद्रोमाकचे मन एका मेलेल्या माणसात अडकलेले. ही साखळी फळ्यावर काढली तर हसू येईल. ‘संशयकल्लोळ’ही असाच उभा राहतो. विनोदी नाटकात मात्र साखळीच्या टोकाला एक जिवंत माणूस असतो आणि शेवटी गाठी सुटतात. इथे टोकाला एक थडगे आहे, तेही रिकामे, आणि थडगे कुणाला उत्तर देत नाही. त्यामुळे प्रत्येक जण आपल्या पुढच्याकडून काहीतरी मागतो आणि न मिळालेल्याचा सूड मागच्यावर उगवतो. मुलाच्या जिवाच्या बदल्यात लग्न, असा सौदा पिऱ्युस आंद्रोमाकपुढे ठेवतो, आणि त्याला तो प्रेमच म्हणतो.

एर्मियोन अपमानाने पेटून ओरेस्तला पिऱ्युसचा खून करायला सांगते. खून होतो. ओरेस्त धावत बक्षीस मागायला येतो आणि ती त्याला विचारते, हे तुला सांगितले कुणी? या प्रश्नापुढे मी दर वेळी थबकतो. ती खोटे बोलत नाही. मघाशी ज्या बाईने हुकूम सोडला ती आणि ही बाई एक नाही, असे तिला मनापासून वाटते आहे. प्रेमात बोललेल्या शब्दाचा तू शब्दशः अर्थ घेतलासच कसा, असा तिचा सवाल आहे. ओरेस्त तिथेच वेडा होतो. ही भूमिका पहिल्यांदा करणारा मोंफ्लरी काही आठवड्यांतच वारला. वेडाच्या प्रवेशात छाती फोडून ओरडल्यामुळेच, असे त्या काळी पॅरिसमध्ये बोलले जाई. खरे-खोटे देव जाणे.

‘बेरेनिस’ त्याहून अवघड, आणि मला विचाराल तर तिन्हींत सर्वांत धीट. सुएतोनिअसने रोमन सम्राट तीतुसच्या चरित्रात एका वाक्यात नोंद केली आहे की त्याने बेरेनिस राणीला स्वतःच्या मनाविरुद्ध आणि तिच्याही मनाविरुद्ध परत पाठवले. बस्स. या एका वाक्याचे रासीनने पाच अंक केले. प्रस्तावनेत त्याने टीकाकारांना सुनावले की निर्मिती म्हणजे शून्यातून काहीतरी उभे करणे, आणि शोकांतिकेला रक्त आणि प्रेते लागतातच असे नाही. नाटकात कुणी मरत नाही. बाप वारला आहे, तीतुस सम्राट झाला आहे, परदेशी राणीशी लग्न रोमला चालणार नाही, आणि हे त्याला नाटक सुरू होण्याआधीच कळून चुकले आहे. निर्णय झालेला आहे. फक्त तो तिला सांगायचा आहे.

आणि ते त्याला जमत नाही. दुसऱ्या अंकात ती समोर येते, तो तोंड उघडतो, रोमचे नाव घेतो, साम्राज्याचे नाव घेतो, आणि वाक्य अर्धे टाकून निघून जातो. मग स्वतः सांगायचे सोडून तो हे काम मित्राकडे, आंतिओकुसकडे सोपवतो. आंतिओकुस पाच वर्षे मूकपणे त्याच बेरेनिसवर प्रेम करीत आलेला. म्हणजे प्रियकराचा निरोप प्रतिस्पर्धी नेतो, आणि निरोप हा की प्रियकर तुला सोडतो आहे! एक वाक्य बोलायला लागणारा वेळ, हे या नाटकाचे कथानक आहे. स्थळ आहे एक लहानशी खोली: तिचे एक दार तीतुसच्या महालात उघडते, दुसरे बेरेनिसच्या. स्थळैक्य म्हणून ज्याची हेटाळणी होते ते हेच. दोन दारांमधली ती खोली काढून टाका आणि पात्रांना रोमभर हिंडू द्या. नाटक पाण्यात मिठासारखे विरघळेल. एक दिवसाच्या नियमाचेही तेच. रासीन नेहमी शेवटचा दिवस निवडतो, ज्या दिवशी गप्प राहणे अशक्य झालेले असते.

पहिल्या प्रयोगाला पॅरिसकरांना या कथेत आपला राजा दिसत होता. तरुण चौदाव्या लुईला मारी मान्सिनीपासून तोडून १६६० साली स्पेनच्या राजकन्येशी त्याचे लग्न लावले होते, ही गोष्ट दहा वर्षांत कुणी विसरले नव्हते. कोर्नेयचे त्याच विषयावरचे नाटक मोलिएरच्या मंडळीने अवघ्या आठवड्याने आणले आणि रासीनपुढे ते टिकले नाही. म्हातारा सिंह आणि तीस वर्षांचा पोर यांच्या या सामन्यावर पुष्कळ कागद काळे झाले आहेत. मी त्यात भर घालत नाही.

शेवटच्या प्रवेशात तिघेही मरायला निघालेले असतात. त्यांना थांबवते बेरेनिस. जिला सोडले जात आहे तीच शेवटी निर्णय उच्चारते: तुम्ही राज्य करा, मी जाते, माझ्या मागे येऊ नका. आणि पडदा पडण्यापूर्वी आंतिओकुसच्या तोंडून एक सुस्कारा बाहेर पडतो. पंधराशेहून थोड्या अधिक ओळींचे हे नाटक सुस्काऱ्यावर संपते.

‘फेद्र’ची गोष्ट ग्रीक आहे: सावत्र आई, सावत्र मुलगा, खोटा आळ, बापाचा शाप. युरिपिडीसने ती इसवी सनापूर्वी ४२८मध्ये रंगमंचावर आणली. त्याच्या नाटकात राणी सावत्र मुलाशी, इपोलीतशी, समोरासमोर बोलतच नाही. दाई परस्पर बोलून घोळ घालते, आणि राणी गळफास घेताना खोटा आरोप लिहून ठेवते. सेनेकाने दोघांना समोर आणले. रासीनने तिथून पुढे जाऊन सारे नाटकच कबुलींच्या पायऱ्यांवर रचले. पहिली कबुली दाईपाशी, दुसरी इपोलीतपाशी, तिसरी नवऱ्यापाशी. तीन वेळा तोंड उघडते, आणि दर वेळी कुणीतरी मरणाच्या जवळ सरकते.

पहिल्या कबुलीत ती नाव घेत नाही. आडून आडून सांगत राहते, आणि नाव एनोनच्याच तोंडून निघते; मग ती म्हणते, नाव तू घेतलेस, मी नाही. ही युक्ती युरिपिडीसचीच. पण त्यानंतरची रोगाची हकीगत रासीनची. लग्न होऊन अथेन्सला आले आणि त्याला पाहिले. लाल झाले, फिकी पडले, डोळ्यांना दिसेना, तोंडून शब्द फुटेना. व्हीनसचे देऊळ बांधले, पूजा केली, आणि धूप जाळताना समोर दिसे तो तोच. शेवटी दुष्ट सावत्र आईचे सोंग करून त्याला हद्दपार करवले. जरा कुठे श्वास घेता आला, तर नवऱ्याने स्वतः आणून त्रेझेनमध्ये त्याच्याच शेजारी ठेवले. इतक्या शिस्तीने आपल्या दुखण्याचा इतिहास सांगणारा रोगी कुठल्याही डॉक्टरला आवडेल.

दुसरी कबुली म्हणजे या नाटकाचा गाभा. नवरा तेझे मेल्याची बातमी आली आहे. ती आपल्या लहान मुलासाठी रदबदली करायला इपोलीतकडे येते, आणि बोलता बोलता मेलेल्या नवऱ्याचे वर्णन करू लागते. तो तरुणपणी क्रीटला आला तेव्हा कसा होता: तुमचेच डोळे, तुमचीच चाल. बहीण आरियानने त्याला चक्रव्यूहातून बाहेर पडायला दोरा दिला. त्या वेळी तुम्ही का नव्हता? तुम्ही असता तर दोरा मी दिला असता. नुसता दोरा कशाला, मीच तुमच्याबरोबर चक्रव्यूहात उतरले असते. वाक्य नवऱ्यापासून निघते आणि मुलापाशी पोचते, आणि कुठल्या वळणावर माणूस बदलला ते तिलाही कळत नाही. इपोलीत दचकतो. ती सावरते, राणीच्या थाटात त्याला झापते. तो ओशाळून माफी मागतो, मी चुकीचे ऐकले असेन म्हणतो. आता दार उघडे आहे, तिला सुखरूप बाहेर पडता येईल. आणि नेमक्या त्याच क्षणी ती ‘तुम्ही’चे ‘तू’ करते.

इंग्रजीतून वाचताना हा क्षण माझ्या हातून निसटला होता, कारण तिथे ‘यू’ एकच. मराठीत तो जसाच्या तसा येतो. सासू-सुनेपासून साहेब-शिपायापर्यंत ‘तुम्ही’ आणि ‘तू’ यांच्यामधली दरी किती खोल असते हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. या अनुवादात ते सर्वनाम बदलते त्या ओळीखाली टीप दिलेली नाही, हे फार बरे झाले.

बोलण्याने घात होतो, आणि न बोलण्यानेही. तेझे जिवंत परततो. एनोन इपोलीतवर आळ घेते, आणि बाप नेपच्यूनला साकडे घालून मुलाचा मृत्यू मागतो. फेद्र धावत येते, खरे सांगून टाकायला. तेवढ्यात तेझे रागाच्या भरात बोलून जातो की हा म्हणे आरिसीवर प्रेम करतो. तिच्या ओठांवर आलेले वाक्य तिथेच थिजते. ज्याला बायका नकोत असे तिने समजून घेतले होते त्याला दुसरी हवी आहे! ही आरिसी ग्रीक नाटकात नाही. इपोलीतला प्रेमात पाडून रासीनने मत्सराला वाट करून दिली. ती एक कबुली वेळेवर झाली असती तर मुलगा वाचला असता. इकडे इपोलीतही गप्प आहे, बापाची अब्रू जाऊ नये म्हणून. समुद्रातून राक्षस येतो, घोडे उधळतात, आणि इपोलीतचा शिक्षक तेरामेन त्र्याहत्तर ओळींत त्याच्या मरणाची हकीगत सांगतो. या लांबलचक भाषणाची थट्टा फ्रान्समध्येही पुष्कळ झाली आहे. मला ते अजूनही थोडे लांबते, हे कबूल करतो. तिसरी कबुली द्यायला फेद्र येते ती विष पिऊनच, म्हणजे आता तिचे शब्द परत घेता येणार नाहीत. ती मरते तेव्हा दिवसाचा उजेड स्वच्छ होतो, असे ती स्वतः सांगते. सूर्याच्या नातीला आयुष्यभर उजेडाचाच धाक होता.

हा धाक कुठून आला? रासीन चार वर्षांचा होण्याआधीच पोरका झाला आणि पोर-रॉयालच्या मठाशी बांधलेल्या शाळेत वाढला. तिथले लोक संत ऑगस्टिनचे कट्टर अनुयायी: माणूस मुळातच पतित, ईश्वरी कृपा झाली तर तरेल, आणि ती मिळवणे त्याच्या हातात नाही. त्याच शाळेत तो ग्रीक शिकला. एक ग्रीक प्रेमकथा वाचताना पकडला गेला, गुरुजींनी पुस्तक जाळले. त्याने दुसरी प्रत मिळवली, तीही गेली. तिसरी पाठ करून त्याने स्वतःच नेऊन दिली, असे त्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे. १६६६मध्ये याच गुरूंपैकी निकोलने नाटककारांना आत्म्यांचे विषप्रयोगी म्हटले तेव्हा रासीनने त्यांच्यावर जहरी पत्र लिहिले. दैव असे की पुढे खऱ्याखुऱ्या विषप्रयोगाच्या खटल्यात त्याचे नाव आले. आंद्रोमाकची पहिली नटी द्यु पार्क ही त्याची प्रेयसी. ती १६६८ साली वारली, आणि अकरा वर्षांनी एका कुप्रसिद्ध विषविक्रेतीने तिच्या मृत्यूचा आळ रासीनवर घेतला. अटकेचा हुकूम तयार झाला होता. बजावला गेला नाही.

‘फेद्र’चा पहिला प्रयोग १ जानेवारी १६७७ला झाला, आणि दोन दिवसांनी प्रादों नावाच्या नाटककाराचे त्याच विषयावरचे नाटक विरोधी गटाने उभे केले. त्याच वर्षी रासीनने लग्न केले, राजाचा इतिहासकार म्हणून नेमणूक स्वीकारली आणि सार्वजनिक रंगभूमी कायमची सोडली. बारा वर्षांनी राजाची दुसरी पत्नी मादाम द मँतनों हिच्या सांगण्यावरून त्याने मुलींच्या शाळेसाठी दोन बायबली नाटके लिहिली, तेवढीच. १६९९मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला पोर-रॉयालमध्ये, जुन्या गुरूच्या पायाशी पुरले. पुढे राजाने तो मठच पाडून टाकला आणि १७११ साली अस्थी पॅरिसला हलवाव्या लागल्या.

राहता राहिला छंद. फ्रेंच शोकांतिकेची ओळ बारा अक्षरांची, मधोमध सहाव्या अक्षरानंतर विसावा. मराठी कानाला बारा अक्षरे म्हटली की भुजंगप्रयात आठवतो, म्हणजे ‘मनाचे श्लोक’. आणि मजा अशी की समर्थ रामदास आणि कोर्नेय जवळजवळ एकाच वयाचे. त्याच बारा अक्षरांत एक जण मनाला विकार सोड म्हणून विनवतो आहे आणि दुसरीकडे विकार मनाला सोडत नाही. अनुवादकाने भुजंगप्रयाताचा मोह टाळला, कारण त्यातला लघु-गुरूंचा ठेका फार ठाशीव. चार ओळींत राणीचे रामदासी कीर्तन होईल. त्याऐवजी ओळ मध्ये एकदा मोडेल असे गद्य घेतले आहे. ‘ज्वाला’, ‘बेड्या’, ‘जखम’ हे झिजलेले दरबारी शब्द मात्र तसेच ठेवले आहेत. वाचताना ते खटकतील. खटकू द्या; हजारदा ऐकलेला ‘ज्वाला’ हा शब्द फेद्रच्या तोंडी अचानक खरोखर भाजतो, आणि त्यासाठी तो आधी गार असावा लागतो.

वाचकाला एवढेच सांगणे आहे. पुस्तकातला क्रम काळानुसार आहे, पण सुरुवात ‘बेरेनिस’ने करा. ते एका बैठकीत होते. मनातल्या मनात वाचू नका. घरात दुसरे कुणी असेल तर त्याला समोर बसवा आणि मोठ्याने वाचा. ऐकणाऱ्याने मध्ये बोलायचे नाही.